अपग्रेडनंतर व्हर्च्युअल मशीन सारखं कोसळतंय? आधी उतरंडीतलं कुठलं मडकं हललं ते बघा

"दाजी, ते आतलं विंडोज परत गेलं. सकाळपासून चौथ्यांदा."

सांगलीकडे माझ्या मेव्हण्याचं खत-बियाण्याचं दुकान आहे. जीएसटीची बिलं तो नव्या सॉफ्टवेअरमध्ये करतो, पण शेतकऱ्यांच्या उधारीची जुनी खाती अजून फॉक्सप्रोमध्ये आहेत. गावातल्याच एका मुलानं वीस-बावीस वर्षांपूर्वी लिहून दिलेला, डॉसवर चालणारा प्रोग्राम. काळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं, एक बटण दाबलं की खातं, दुसरं दाबलं की छपाई. मुलगा पुढे पुण्याला गेला, प्रोग्राम दुकानात राहिला. आता अडचण अशी, की ६४-बिट विंडोजमध्ये अशा जुन्या डॉस प्रोग्रामना जागा देणारा भागच ठेवलेला नाही. म्हणून मी त्याच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा लटका संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवणारा प्रोग्राम, टाकलं आणि त्याच्या आत ३२-बिटचं विंडोज एक्सपी बसवून दिलं. तीन वर्षं काही तक्रार नव्हती. मग एकाच आठवड्यात लॅपटॉपच्या विंडोजचा मोठा अपडेट आला, पाठोपाठ मी पुण्यात बसून व्हर्च्युअलबॉक्सची नवी आवृत्ती चढवली, आणि रविवारपासून फोन सुरू झाले.

"तुम्ही अपग्रेड केलंत आणि हे सुरू झालं," असं तो म्हणाला नाही. पण मला ते ऐकू आलंच.

असा प्रसंग आला की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. पुन्हा पुन्हा सुरू करून बघतात, नाहीतर सगळं काढून टाकून नव्यानं बसवतात. दोन्ही वेळा पुरावा नष्ट होतो. मीही पहिल्या दिवशी तेच केलं, आणि ते मला कसं नडलं ते पुढे सांगतोच. त्याआधी हे यंत्र आतून कसं उभं असतं ते समजून घेऊ. ते एकदा डोळ्यांपुढे आलं की अर्धी शोधाशोध वाचते.

चार मडक्यांची उतरंड

जुन्या घरात एकावर एक रचलेली मडकी आठवा. व्हर्च्युअल मशीन म्हणजे तशी उतरंड. सगळ्यात खाली खरं हार्डवेअर: प्रोसेसर, रॅम, डिस्क. त्यावर तुमची रोजची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे होस्ट, यजमान. तिच्यावर व्हर्च्युअलबॉक्ससारखा प्रोग्राम, ज्याला हायपरव्हायझर म्हणतात. आणि सगळ्यात वर गेस्ट, म्हणजे पाहुणा. आमच्या बाबतीत तो विंडोज एक्सपी, आणि त्याच्या पोटात फॉक्सप्रो.

पाहुण्याला वाटतं की आपण एका स्वतंत्र संगणकावर राहतो. त्याला जी हार्ड डिस्क दिसते ती प्रत्यक्षात लॅपटॉपवरच्या एका फोल्डरमधली मोठी फाइल असते. त्याचं ग्राफिक कार्ड, नेटवर्क कार्ड हे नुसते प्रोग्रामचे तुकडे. रॅम उसनी. फक्त प्रोसेसर बराचसा खरा असतो. पाहुण्याच्या साध्या आज्ञा थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात. त्यानं काही नाजूक करायला घेतलं, उदाहरणार्थ हार्डवेअरला हात घातला, की प्रोसेसर तिथेच थांबतो आणि हायपरव्हायझरला विचारतो, "याला करू देऊ का?" हे थांबणं-विचारणं प्रोसेसरमध्येच बसवलेलं आहे. इंटेलनं ही सोय २००५ च्या अखेरीस व्हीटी-एक्स या नावानं आणली, एएमडीनं २००६ मध्ये एएमडी-व्ही म्हणून. त्याआधीही व्हर्च्युअल मशीन होत्याच, व्हीएमवेअरनं १९९९ मध्येच साध्या पीसीवर चालणारी विकायला काढली होती. पण तेव्हा पाहुण्याच्या धोकादायक आज्ञा सॉफ्टवेअरनं पकडून, बदलून मग चालवाव्या लागत. व्हर्च्युअलबॉक्समध्येही तशी सोय होती, ती ६.१ या आवृत्तीपासून काढून टाकली. हे लक्षात असू द्या, पुढे कामाला येणार आहे.

आता उतरंडीची गंमत अशी की फुटतं वरचं मडकं आणि हललेलं असतं खालचं. पडद्यावर मरताना दिसतो तो पाहुणा. आपण त्याच्यामागे लागतो. पण बदललं काय होतं? होस्टचं विंडोज. किंवा हायपरव्हायझर. किंवा एखादा ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा छोटा प्रोग्राम. पाहुण्यात तर तीन वर्षं काडीचा बदल नव्हता.

मेलं म्हणजे नेमकं कसं मेलं?

मेव्हण्याला मी विचारलं, "गेलं म्हणजे काय झालं?" तो म्हणाला, "गेलं म्हणजे गेलं, दाजी." डॉक्टरला "बरं वाटत नाही" एवढंच सांगितल्यासारखं. वास्तविक व्हर्च्युअल मशीन चार वेगवेगळ्या तऱ्हांनी मरते आणि प्रत्येक तऱ्हा उतरंडीतल्या वेगळ्या मडक्याकडे बोट दाखवते.

पहिली तऱ्हा: खिडकी शाबूत आहे, पण आतल्या विंडोजला निळा पडदा आला, किंवा आतलं लिनक्स अक्षरांचा पूर ओतून थबकलं. इथे पाहुणा स्वतः कोसळला, हायपरव्हायझर ठीक आहे. निळ्या पडद्यावरचा आकडा टिपून ठेवा. एक्सपी तो आकडा वाचू न देताच पुन्हा सुरू होतं, त्यामुळे बघणाऱ्याला नुसतं "सारखं रीस्टार्ट होतंय" एवढंच दिसतं. सुरुवातीलाच एफ-८ दाबलं की आपोआप रीस्टार्ट बंद करायचा पर्याय मिळतो, मग पडदा थांबून राहतो. आकड्याच्या शेवटी ७बी असेल तर पाहुण्याला स्वतःची डिस्कच सापडत नाहीये. बहुधा कुणीतरी सेटिंगमध्ये डिस्कचा कंट्रोलर आयडीईचा साटा केलेला असतो (या डिस्क जोडायच्या जुन्या आणि नव्या पद्धती). तो परत आयडीई करायचा, काम झालं.

दुसरी तऱ्हा व्हर्च्युअलबॉक्सची खास: "गुरू मेडिटेशन" असं लिहिलेला संदेश येतो आणि मशीन गोठते. आपल्याकडे गुरूंचं ध्यान म्हणजे चांगली गोष्ट, इथे मात्र संकट. शब्द आला १९८५ च्या अमिगा संगणकाकडून. तो कोसळला की काळ्या पडद्यावर लाल चौकट लुकलुकायची आणि आत हेच शब्द असायचे. व्हर्च्युअलबॉक्सवाल्यांनी ते उचलले. अर्थ असा, की पाहुण्यानं किंवा खालच्या कुणी असं काही केलं की हायपरव्हायझरला पुढे कसं जायचं तेच कळेना. बरेचदा सोबत "ट्रिपल फॉल्ट" हे शब्द असतात. प्रोसेसरला एक चूक आढळली, ती निस्तरणारा कोड चालवताना दुसरी झाली, दुसरी निस्तरताना तिसरी. आग विझवायला बंब गेला, बंबानं पेट घेतला, त्याला विझवायला निघालेला बंब वाटेतच उलटला. तिथे प्रोसेसर हात टेकतो.

तिसरी तऱ्हा: खिडकीच अचानक नाहीशी होते आणि यादीत मशीनच्या नावाखाली "अबॉर्टेड" असा शब्द दिसतो. म्हणजे होस्टच्या दृष्टीनं व्हर्च्युअलबॉक्सचा प्रोग्रामच मेला, पाहुणा त्याच्यासोबत गेला. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशनच्या नोंदी उघडून त्या वेळेची लाल खूण शोधा. तिथे कोणत्या फाइलमध्ये घात झाला तिचं नाव असतं. ती फाइल ग्राफिक ड्रायव्हरची निघाली तर संशयित मिळाला. होस्ट लिनक्स असेल तर अजून एक शक्यता: रॅम संपली की लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, सगळ्यात जास्त रॅम खाणाऱ्या प्रोग्रामला सरळ मारतो, आणि तो मान मिळतो व्हर्च्युअल मशीनला. अशा वेळी तिच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, तक्रारीचं अक्षर नसतं, वाक्य मध्येच तुटतं. कर्नलच्या नोंदीत मात्र "आउट ऑफ मेमरी" स्पष्ट लिहिलेलं सापडतं.

चौथी तऱ्हा: अख्खा लॅपटॉपच निळा होतो किंवा रीस्टार्ट होतो. इथे पाहुण्याचा विचार सोडा. होस्टच्या गाभ्यात बसणारा ड्रायव्हर, नाहीतर हार्डवेअर. रॅमची चाचणी रात्रभर लावून ठेवा. व्हर्च्युअल मशीन एकदम दोन-चार जीबी रॅम वापरायला काढते, त्यामुळे एरवी न लागणारा रॅमचा नासका कोपरा नेमका तिलाच सापडतो.

मेव्हण्याला मी म्हटलं, "पुन्हा गेलं की हात लावू नको, फोटो काढून पाठव." तासाभरात फोटो आला. गुरुजी ध्यानाला बसले होते.

लॉग वाचायला भिऊ नका

व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत मशीनच्या नावावर उजवं बटण दाबलं की लॉग दाखवायचा पर्याय असतो. मशीनच्या फोल्डरमध्ये लॉग्ज नावाचा उपफोल्डर असतो, फाइल त्यातच. उघडली की हजारभर ओळी अंगावर येतात. सगळ्या वाचायच्या नसतात. डावीकडचा आकडा म्हणजे मशीन सुरू झाल्यापासून गेलेला वेळ, घड्याळातली वेळ नव्हे. सुरुवातीच्या ओळींत व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ती, होस्टची आवृत्ती, रॅम किती आहे नि किती मोकळी आहे हे असतं. ते बघायचं आणि मग थेट शेवटाकडे जायचं. गुरू मेडिटेशन झालं असेल तर उद्गारचिन्हांची जाड रांगच रांग दिसते, चुकायची सोयच नाही. त्या रांगेच्या वरच्या वीस-पंचवीस ओळी म्हणजे शेवटचे शब्द.

पण एक मेख आहे, आणि मी म्हटलं ना मला नडलं ते हेच. व्हर्च्युअलबॉक्स चालू लॉगखेरीज फक्त मागचे तीन लॉग ठेवतं. मशीन नव्यानं सुरू झाली की सगळ्यात जुना जातो. मेव्हण्यानं आणि मी मिळून पहिल्याच दिवशी सात-आठ वेळा सुरू-बंद केलं, त्यामुळे सगळं ठीक चालू असतानाचा एकही लॉग शिल्लक नव्हता. चोरी झाल्यावर घर झाडून घ्यावं तसं आम्ही केलं. पुन्हा सुरू करण्याआधी तो फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवा, एवढी एक गोष्ट लेखातून घेतलीत तरी पुरे.

नशिबानं दिवाळीत मी अख्ख्या मशीनचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला होता, आणि त्यात तेव्हाचे लॉग होते. निरोगी माणसाचा जुना रिपोर्ट हाताशी असला की आजच्या रिपोर्टमधलं काय बिघडलंय ते लगेच कळतं. दोन लॉग शेजारी ठेवले. नव्याच्या सुरुवातीलाच एक ओळ वेगळी होती. जुन्यात लिहिलं होतं की व्हीटी-एक्स वापरतो आहे. नव्यात लिहिलं होतं की व्हीटी-एक्स मिळत नाही, म्हणून एनईएमवर जातो आहे.

एका म्यानात दोन तलवारी

हीच ती जागा, जिथे अपग्रेडनंतर सगळ्यात जास्त लोक अडकतात, त्यामुळे जरा थांबून सांगतो.

प्रोसेसरची ती व्हीटी-एक्सची सोय एका वेळी एकाच मालकाला मिळते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा हायपरव्हायझर असतो, हायपर-व्ही. तो जागा झाला की सगळ्यात खाली जाऊन बसतो, इतका खाली की तुमचं रोजचं विंडोजसुद्धा त्याच्या वर येतं. मग व्हर्च्युअलबॉक्सनं व्हीटी-एक्स मागितलं की ते घेतलेलं असतं. व्हर्च्युअलबॉक्सच्या फार जुन्या आवृत्त्या अशा वेळी सरळ नकार देत. २०१८ च्या ६.० पासून तडजोड आली: स्वतःला व्हीटी-एक्स मिळालं नाही तर हायपर-व्हीच्या दारातून, त्याच्या मेहेरबानीनं काम करायचं. एनईएम ते हेच. मघाची सॉफ्टवेअरची सोय ६.१ पासून गेलेली, त्यामुळे व्हीटी-एक्स नसलं की आता एवढीच वाट उरते. काम होतं, पण हळू. आणि जुने, हार्डवेअरशी फार लगट करणारे पाहुणे या वाटेनं ठेचकाळतात. आमचं एक्सपी त्यातलंच.

हे ओळखायला लॉगसुद्धा उघडायला नको. व्हर्च्युअल मशीनच्या खिडकीच्या तळाशी उजवीकडे चिन्हांची ओळ असते. तिथे प्रोसेसरच्या चिपवर व्ही असं अक्षर दिसलं तर व्हीटी-एक्स तुमच्या हातात आहे. हिरवं कासव दिसलं तर तुम्ही एनईएमवर आहात. कासव कुणी निवडलं माहीत नाही, पण त्याला दाद द्यायला हवी.

आता हायपर-व्हीला जागं कोण करतं? तुम्ही कधी हायपर-व्ही हे नाव ऐकलं नसलं तरी तो जागा असू शकतो. विंडोजच्या आत लिनक्स देणारी डब्ल्यूएसएल-२ ही सोय टाकली, की व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म चालू होतो आणि त्याच्या मागून हायपर-व्ही येतो. विंडोज ११ मधली मेमरी इंटेग्रिटी ही सुरक्षेची सोयही त्याच्याच आधारानं चालते. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर यातलं काही चालू झालं का, हे सिस्टीम इन्फर्मेशनच्या पानावर तळाला कळतं. हायपरव्हायझर आढळला आहे अशी ओळ तिथे असली, तर म्यानात तलवार आहे.

लिनक्सच्या होस्टवरही हाच खेळ आहे. तिथला घरचा हायपरव्हायझर केव्हीएम, २००७ पासून कर्नलमध्येच आहे. आधी तो व्हीटी-एक्सला गरज पडल्यावरच हात लावायचा, त्यामुळे व्हर्च्युअलबॉक्सशी त्याचं जमायचं. नोव्हेंबर २०२४ मधल्या ६.१२ कर्नलपासून मात्र केव्हीएम लोड होतानाच व्हीटी-एक्स ताब्यात घेऊन बसतो. रात्री नेहमीचा अपडेट झाला, सकाळी व्हर्च्युअलबॉक्सची एकही मशीन उठेना, असं कित्येकांचं झालं ते यामुळे. व्हर्च्युअलबॉक्स सुरू करण्याआधी केव्हीएमचं मॉड्यूल काढून टाकायचं, किंवा त्यानं लोड होताना व्हीटी-एक्स घेऊ नये असा पर्याय कर्नलला सुरुवातीलाच द्यायचा, असे दोन उपाय आहेत. दोन्ही सोपे आहेत, पण आधी सुचायला हवेत. कर्नल बदलला की व्हर्च्युअलबॉक्सचा स्वतःचा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो, ही लिनक्सवाल्यांची दुसरी नेहमीची डोकेदुखी. सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला कोड सुरू होऊ न देणारी सोय, चालू असेल तर त्या ड्रायव्हरवर सहीही लागते. पण तो बांधला गेला नाही तर मशीन सुरूच होत नाही, मध्येच कोसळत नाही, एवढा फरक ध्यानात ठेवा.

इथे माझं एक मत. इंटरनेटवर "कासव घालवा" म्हणून मेमरी इंटेग्रिटी बंद करायचे सल्ले खिरापतीसारखे वाटले जातात. ती सोय लॅपटॉपच्या गाभ्यात घुसणाऱ्या दुष्ट ड्रायव्हरना अडवते. ज्या लॅपटॉपवर तुम्ही बँकेचे व्यवहार करता, त्यावर ती बंद करण्याआधी एक दिवस विचार करा. पाहुणा नव्या धाटणीचा असेल, विंडोज १० किंवा अलीकडचं लिनक्स, तर कासवासह राहूनही काम भागतं. जमलं तर जुन्या पाहुण्यासाठी वेगळा जुना लॅपटॉप ठेवा.

झोपवून ठेवलेला पाहुणा, आणि बाकीचे संशयित

दर वेळी तलवारीच दोषी असतात असं नाही. अपग्रेडनंतर मार खाणारी दुसरी मोठी गोष्ट म्हणजे सेव्ह केलेली अवस्था. खूप जण मशीन बंद न करता "स्टेट सेव्ह" करतात, म्हणजे पाहुणा आहे त्या क्षणी गोठवून ठेवतात. दुसऱ्या दिवशी तो तिथूनच पुढे चालू. सोयीचं आहे, पण त्या फाइलमध्ये हायपरव्हायझरच्या आतल्या सगळ्या खोट्या उपकरणांची त्या क्षणाची स्थिती असते. हायपरव्हायझरची आवृत्ती बदलली, उपकरणाचा कोड बदलला, की उठवलेला पाहुणा अनोळखी घरात डोळे उघडतो. तो सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन लगेच कोसळतो. म्हणून अपग्रेडच्या आधी पाहुण्याला आतून, स्टार्ट मेनूतून रीतसर बंद करायचं. आधीच चूक झाली असेल तर सेव्ह केलेली अवस्था टाकून द्यायचा पर्याय मेनूत असतो. तसं करणं म्हणजे चालू संगणकाची वायर खेचल्यासारखं आहे, न साठवलेलं काम जाईल, डिस्क मात्र राहील. मशीन चालू असताना घेतलेल्या स्नॅपशॉटच्या, म्हणजे मागे परत येता यावं म्हणून केलेल्या खुणेच्या, पोटातही अशीच अवस्था असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

स्नॅपशॉटबद्दल एक वाक्य: तो बॅकअप नव्हे. स्नॅपशॉट घेतला की डिस्कची मूळ फाइल जागेवर राहते आणि पुढचे बदल नव्या फाइलमध्ये साठतात. नवी फाइल जुनीवर टेकून असते. जागा हवी म्हणून कुणी फोल्डरमधली "जुनी" फाइल हातानं उडवली, की सगळं संपलं.

जागेवरून आठवलं. विंडोजचा मोठा अपडेट झाला की जुनं विंडोज दहा दिवस एका फोल्डरमध्ये ठेवलेलं असतं, कुणाला मागे जायचं असेल तर म्हणून. त्यात कित्येक जीबी जातात. आता पाहुण्याची डिस्क-फाइल बहुधा वाढत जाणारी असते. पाहुण्याला वाटतं आपल्याकडे ८० जीबी आहेत, फाइल असते ३० जीबीची, गरजेप्रमाणे फुगते. होस्टची डिस्क भरली की फुगायला जागा नाही, आणि व्हर्च्युअलबॉक्स मशीन थांबवून ठेवतं. बघणाऱ्याला वाटतं हँग झालं. म्हणून सी ड्राइव्हवर किती जागा उरली आहे ते बघणं ही दहा सेकंदांची तपासणी सगळ्यात आधी करावी. रॅमचंही तसंच. सेटिंगमधल्या रॅमच्या पट्टीचा हिरवा भाग आणि लाल भाग शोभेसाठी नाहीत. आठ जीबीच्या लॅपटॉपवर पाहुण्याला सहा देणारे लोक मी बघितलेत.

मग येतात गेस्ट ॲडिशन्स, म्हणजे पाहुण्याच्या आत बसवायचे व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर. त्यांच्यामुळे खिडकी मोठी-छोटी करता येते, फोल्डर वाटून घेता येतो. बाहेर हायपरव्हायझर नवा आणि आत ॲडिशन्स जुन्या, हे बहुतेक वेळा चालतं, पण ग्राफिक आणि शेअर्ड फोल्डर इथे खटका उडतो. एक्स्टेन्शन पॅक, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सचा जादा सोयींचा वेगळा संच, टाकला असेल तर त्याची आवृत्ती मात्र तंतोतंत जुळायलाच हवी. आणि थ्री-डी ॲक्सलरेशनची खूण काढून बघा. जमाखर्चाच्या प्रोग्रामला थ्री-डी कशाला हवंय?

पाहुणाच उठत नसेल तर

कधी दोष खरोखर वरच्या मडक्यात असतो, पाहुण्याच्या आतच अपडेट होऊन तो सुरू होतानाच कोसळतो. याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण १९ जुलै २०२४ चं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या फाल्कन सॉफ्टवेअरची एक छोटी फाइल आपल्या घड्याळानं सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभर गेली. प्रोग्रामला २० माहितीचे रकाने मिळत होते, फाइलनं २१ वा वाचायला सांगितला. नसलेल्या जागी वाचायला गेलेला ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात होता, त्यामुळे अख्खं विंडोज कोसळलं. पुन्हा सुरू झालं, तीच फाइल पुन्हा वाचली, पुन्हा कोसळलं. फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज यंत्रं या चक्रात सापडली होती. आपल्याकडे विमानतळांवर त्या दिवशी हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, ते फोटो आठवत असतील.

यातली पुष्कळ यंत्रं क्लाउडवरच्या व्हर्च्युअल मशीन होत्या. त्यांना एफ-८ दाबायला समोर कीबोर्डच नाही. मायक्रोसॉफ्टनं तेव्हा ॲझ्यूर या आपल्या क्लाउडच्या ग्राहकांना एक सल्ला दिला होता, जो वाचून लोक हसले: रीस्टार्ट करा, लागलं तर पंधरा वेळासुद्धा. पण त्यात तर्क होता. दर वेळी सुरू होताना नेटवर्क जोडलं जाणं आणि ड्रायव्हरनं कोसळवणं यांच्यात शर्यत लागते. एखाद्या वेळी नेटवर्क आधी पोचलं की दुरुस्त फाइल उतरते आणि चक्र तुटतं.

दुसरा मार्ग जास्त खात्रीचा, आणि तो तुमच्या लॅपटॉपवरही चालतो. आठवा, पाहुण्याची डिस्क म्हणजे नुसती एक फाइल. आजारी मशीनपासून ती सोडवायची, एका निरोगी मशीनला दुसरी डिस्क म्हणून जोडायची, तिथून नको ती फाइल उडवायची किंवा निदान आपला डेटा बाहेर काढायचा, आणि डिस्क परत मूळ जागी. खऱ्या संगणकात यासाठी स्क्रूड्रायव्हर लागतो, इथे माउस पुरतो. फॉक्सप्रोची खाती मी पहिल्या संध्याकाळी अशीच बाहेर काढून ठेवली. त्यानंतर मेव्हण्याचा आवाज जरा खाली आला, आणि मलाही डोकं लावायला सवड मिळाली.

मग आमचं काय झालं?

कासवाची ओळ सापडली तरी हायपर-व्हीला कुणी जागं केलं ते कळत नव्हतं. तीन संशयित: विंडोजचा अपडेट, व्हर्च्युअलबॉक्सचं अपग्रेड, आणि आणखी कुणी. अशा वेळी एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि दुखणं गेलं, तर कशानं गेलं ते कळत नाही आणि महिन्यानं परत आलं की शून्यापासून सुरुवात.

आधी मशीनचा अख्खा फोल्डर कॉपी केला. मग व्हर्च्युअलबॉक्स काढून जुनी आवृत्ती बसवली, त्यांच्या संकेतस्थळावर जुन्या आवृत्त्या ठेवलेल्या असतात. नव्या आवृत्तीनं कधीकधी मशीनची सेटिंगची फाइल नव्या धाटणीत लिहिलेली असते आणि जुनी ती वाचायला नकार देते, म्हणून आधी कॉपी. जुनी आवृत्ती चालली. कासव तिथेच. दुपारी गुरुजी पुन्हा ध्यानस्थ. म्हणजे माझं अपग्रेड निर्दोष सुटलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मग विंडोजच्या फीचर्सची यादी उघडायला लावली. मेव्हणा फोनवर एकेक ओळ वाचत होता, स्पेलिंग सांगत होता. व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्मवर खूण होती. लिनक्ससाठीच्या सबसिस्टीमवरही.

"हे तू केलंस?"

"मी कशाला करू दाजी, मला काय त्यातलं कळतंय." थोडा वेळ शांतता. मग लांबून हाक, "अरे, तू लॅपटॉपवर काय टाकलंस का रे?"

त्याचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्या आठवड्यात घरी आला होता. कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी लिनक्स हवं म्हणून दुकानाच्या लॅपटॉपवर डब्ल्यूएसएल टाकून मोकळा झाला. शुक्रवारी. अपडेट गुरुवारचा, माझं अपग्रेड शनिवारचं, बोंब रविवारची. अपग्रेडच्या नंतर घडलं म्हणून अपग्रेडमुळे घडलं असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. चूक कोणत्याही सॉफ्टवेअरची नव्हती, तीन दिवसांत तीन हात एकाच लॅपटॉपवर फिरले आणि कुणी कुणाला सांगितलं नाही.

दोन्ही खुणा काढल्या, लॅपटॉप रीस्टार्ट केला. त्या लॅपटॉपवर मेमरी इंटेग्रिटी आधीपासूनच बंद होती, त्यामुळे एवढ्यावर भागलं. नवीन व्हर्च्युअलबॉक्स परत चढवलं. पोराचं लिनक्स गेलं म्हणून तो फुगून बसला, तर त्याला व्हर्च्युअलबॉक्समध्येच उबुंटूची दुसरी मशीन करून दिली, दोन जीबी रॅमची. एकाच हायपरव्हायझरखाली दोन पाहुणे सुखानं नांदतात, भांडण फक्त हायपरव्हायझरांचं असतं.

सोमवारी संध्याकाळी फोन आला.

"दाजी, कासव गेलं. दिवसभर एकदा पण बंद पडलं नाही."

"झालं मग."

"झालं. पण छपाई जरा वाकडी येतेय, ते बघता का?"